कापसाची शेतं गेली, पण रुसायचं कोणावर?

सदराला आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

सप्रेम नमस्कार,

१९८९ साली आम्ही पुण्याहून ॲरिझोनात आलो, फिनिक्सच्या आग्नेयेला असलेल्या चँडलर गावात. ह्यांना चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. आमच्या परसदारच्या भिंतीपलीकडे तेव्हा कापूस होता. त्याच्या पलीकडे डेअरीचे गोठे. वारा फिरला की शेणाचा वास घरात यायचा आणि मला माहेरची आठवण यायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुपरस्टिशनचा डोंगर दिसायचा. डाळी-पिठं आणायला आम्ही लॉस एंजेलिसजवळच्या आर्टिशियाला जायचो, सहा तास गाडी हाकत. पहिला गणपती आमच्याच गॅरेजमध्ये बसला. वाळवंटातलं ते छोटंसं गाव माझं होतं.

आता भिंतीपलीकडे दुमजली घरं आहेत, खिडकीतून शेजाऱ्यांचं छप्पर दिसतं. रस्त्यावर ड्रायव्हर नसलेल्या गाड्या फिरतात. जवळच इडली-डोशाचं हॉटेल आहे. मी तिथे जाते, नाही असं नाही. पण माझं गाव गेलं.

परवा मंडळाच्या गणपतीत नवीनच आलेली एक मुलगी म्हणाली, “काकू, इथे किती उकडतं हो, आणि घरं किती महाग!” माझ्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही सगळे आलात म्हणूनच झालं हे.” ती गप्प झाली. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. पण मी खोटं बोलले असंही वाटत नाही.

आमच्या भागात शेवटचं एक शेत उरलं होतं. तिथे आता चार मजली अपार्टमेंट होणार म्हणून विरोधाचा अर्ज फिरतोय. माझी सही अजून व्हायची आहे. हे म्हणतात, घर विकू आणि कोथरूडला जाऊ. मुलगी सिॲटलला असते, ती म्हणते, “आई, त्या गावात आठवण काढण्यासारखं आहे काय?”

सही करू का? घर विकू का? आणि त्या मुलीला मी चुकीचं बोलले का?

– एक जुनी चँडलरकर

*

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. हो, चुकीचं बोललात. आज संध्याकाळी तिला फोन करा. “मी तसं बोलायला नको होतं” एवढंच म्हणा, पुढे ‘पण’ लावू नका. तान्हं मूल घेऊन परक्या गावात पहिला उन्हाळा काढणाऱ्या बाईला मंडळातल्या काकूंकडून काय हवं असतं, हे गॅरेजमध्ये गणपती बसवणाऱ्या बाईला मी सांगायला नको.

तुम्ही लिहिलंय, मी खोटं बोलले असं वाटत नाही. ते मात्र आकड्यांवर तपासून पाहू. तुमच्या शेजारच्या टेंपीत मी काही वर्षं राहिले आहे, तुमच्या गावचे रस्ते मला पाठ आहेत आणि भांडणात मला आकडे आवडतात.

१९८० च्या जनगणनेत चँडलरची वस्ती सुमारे तीस हजार होती. १९९० साली ती नव्वद हजार झाली, म्हणजे दहा वर्षांत तिप्पट. तुम्ही आलात ते या तिपटीच्या अगदी शेवटाला. पुढच्या दहा वर्षांत ती जवळजवळ दुप्पट होऊन पावणेदोन लाखांवर गेली. २०१० साली दोन लाख छत्तीस हजार आणि २०२० साली दोन लाख शहात्तर हजार. आता हिशोब करा. तुम्ही ज्यांच्यावर चिडलात, त्या अलीकडे आलेल्यांच्या वाट्याला दहा वर्षांतली सतरा टक्क्यांची वाढ येते. तुमच्या आगेमागे आलेल्यांनी गाव तिप्पट केलं आणि मग दुप्पट केलं. गाव कोणी बदललं असं विचारलंत, तर आकडे तुमच्याच पिढीकडे बोट दाखवतात. तुमचे यजमान ज्या कामासाठी आले, त्याच कामामुळे ती भरती आली: इंटेलचा पहिला कारखाना चँडलरमध्ये १९८० साली सुरू झाला आणि ओकोटिओचा मोठा कारखाना १९९६ साली. आपण आलो तेव्हा गाव ‘नुकतंच बरं होत होतं’ आणि दुसरा आला तेव्हा ‘बिघडलं’, हे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं याच चालीवर झालं.

हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. नोकरी मिळाली, आलात, संसार केलात, त्यात गुन्हा कसला? पण मग त्या मुलीचाही नाही.

आता त्या वाळवंटाबद्दल. तुमच्या भिंतीपलीकडे कापूस होता, असं तुम्हीच लिहिलंय. कापूस वाळवंटात आपला आपण उगवत नाही. तिथलं मूळचं रान, मेस्किटची झाडं, क्रिओसोटची झुडपं, हे सगळं तुमच्या आधी सत्तरऐंशी वर्षांपूर्वी सपाट झालं होतं. ज्याच्या नावानं तुमचं गाव आहे ते डॉक्टर ए. जे. चँडलर गुरांचे डॉक्टर. १८८७ साली ते ॲरिझोनात आले, तेव्हा ते राज्यही झालं नव्हतं. कालव्यांच्या धंद्यात शिरले आणि सुमारे अठरा हजार एकर जमीन जमवली. १९११ साली रूझवेल्ट धरण झालं, पाण्याची हमी आली आणि १९१२ च्या मे महिन्यात त्यांनी त्या जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. गाव जन्मलं ते प्लॉटविक्रीतून. पुढच्याच वर्षी गिऱ्हाइकांसाठी आणि श्रीमंत पाहुण्यांसाठी सॅन मार्कोस हॉटेल उघडलं, आजही गावाच्या मध्यभागी आहे. मधल्या काळात बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन होती म्हणून डॉक्टरसाहेबांनी शहामृग पाळले. फॅशन गेली, शहामृग गेले. तुम्ही आलात त्याच १९८९ साली गावानं त्यांच्या आठवणीची जत्रा सुरू केली. (जे आपणच घालवलं त्याची जत्रा भरवायची ही माणसाची सवय मला फार मजेशीर वाटते. आपणही बैलांच्या बाबतीत त्याच वाटेवर आहोत.)

कापूस आला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. टायरसाठी लांब धाग्याचा कापूस हवा होता, तर गुडइयर कंपनीनं चँडलरच्या दक्षिणेला हजारो एकर जमीन घेऊन तो लावला. तुमच्या शेजारचं गिल्बर्ट तर एकेकाळी गुरांच्या चाऱ्याचं गवत आगगाड्या भरभरून पाठवायचं. १९८० साली तिथे पावणेसहा हजार माणसं होती, २०२० साली दोन लाख अडुसष्ट हजार झाली, आणि कागदोपत्री अजून ते ‘टाऊन’ आहे. या शेतांना पाणी पाजायला जमिनीखालचं इतकं उपसलं की क्वीन क्रीक आणि चँडलर हाइट्सच्या बाजूला जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आहेत. उपसा आटोक्यात आणायला राज्याला १९८० साली कायदा करावा लागला. म्हणजे तुमच्या खिडकीतून दिसणारं ते शांत, पांढरं शेत निरागस नव्हतं. सरळ हिशोब केला तर एक एकर कापूस किंवा लसूणघास जेवढं पाणी पितो, त्यापेक्षा त्याच एकरावर बसलेली घरं साधारण कमीच पितात. घरांनी गावाचं पाणी संपवलं असं मंडळात सगळे म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि त्याच्याही मागे जा. तुमच्या गावाची दक्षिणेची सीमा हंट हायवेपाशी संपते. त्यापलीकडे गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीची जमीन आहे, म्हणजे आकिमेल ओओधाम आणि पी पॉश लोकांची. आकिमेल ओओधाम म्हणजे नदीची माणसं. गोऱ्यांनी पीमा असं नाव ठेवलं, आपण दुकानात ‘पीमा कॉटन’चे महागडे टॉवेल घेतो ते त्यांच्याच नावाचे. गिला नदीच्या पाण्यावर ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होती. १८४९ नंतर कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावणाऱ्या वाटसरूंना त्यांनीच धान्य पुरवलं. मग १८७० नंतर नदीच्या वरच्या अंगाला नवे शेतकरी बसले, त्यांनी पाणी वळवलं आणि शतक संपता संपता खाली वाळू उरली. पोटापुरतं पिकवून उरलेलं विकणाऱ्या लोकांवर उपासमारीची वेळ आली. त्यांच्या वाट्याचं पाणी कायद्यानं परत मिळायला २००४ साल उजाडावं लागलं. कोलोरॅडो नदीचं पाणी ५४० किलोमीटर लांबून आणणारा जो मोठा कालवा आहे, त्यात आज सर्वांत मोठा वाटा त्यांचा आहे आणि ते पुन्हा शेती करतात. गाव गेलं म्हणजे काय, हे विचारायचंच असेल तर त्यांना विचारावं. हंट हायवेवर उभं राहून दक्षिणेला पाहिलंत तर मोकळं क्षितिज अजून दिसतं, ते बिल्डरच्या कृपेनं नव्हे. ती जमीन त्यांची आहे आणि ती प्लॉट पाडून विकली गेलेली नाही, म्हणून दिसतं. हूहुगम हेरिटेज सेंटर नावाचं त्यांचं संग्रहालय तुमच्या घरापासून फार लांब नाही. इतकी वर्षं राहून गेला नसाल, तर जा. मंडळाच्या सहलीला लास व्हेगस सोडून एकदा हेही ठिकाण निवडा.

आता तुम्ही म्हणाल, हिला माझं दुःखच मान्य नाही. तसं नाही. माझं म्हणणं इतकंच की तुमचं दुःख खरं आहे, पण त्याची फिर्याद तुम्ही चुकीच्या माणसावर लावली आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. तुम्ही काय गेलं याची यादी केलीत, त्यात कापूस, गोठे, डोंगर, आर्टिशियाच्या फेऱ्या, गॅरेजमधला गणपती. आर्टिशियाला सहा तास गाडी हाकत डाळ आणायला जाणं ही काही सुखाची गोष्ट नव्हती हो. जूनमध्ये, इंडिओच्या अलीकडे गाडी तापली तर काय, ही धास्ती असायची. मी त्या रस्त्यानं गेलेली आहे. तरी ते तुम्हाला हवंहवंसं वाटतं, कारण गाडीत मागच्या सीटवर मुलगी झोपलेली असायची आणि यजमान चाळिशीच्या आतले होते. चार घरांची पिठं तुम्ही एकत्र आणत होतात आणि तुमच्यावाचून चार घरांचं अडत होतं. आज दुकान दहा मिनिटांवर आहे आणि तुमच्यावाचून कोणाचं अडत नाही. माझ्या मते अर्धं दुःख इथे आहे आणि ते चँडलरचं नाही. ते तुम्ही पुण्यात राहिला असतात तरी झालंच असतं. मुलीला त्या गावात आठवण काढण्यासारखं काही दिसत नाही, हे तुम्हाला जास्त लागलं असणार. तिच्या आठवणीत शाळेची बस, मॉलची पार्किंग आणि मैत्रिणीचा स्विमिंग पूल असेल. ते तिचं गाव. वीस वर्षांनी तो मॉल पाडला की ती तुम्हाला असाच फोन करेल.

उरलेलं अर्धं दुःख मात्र चँडलरचंच आहे आणि तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. ते म्हणजे तिथल्या तापलेल्या रात्री. तुम्ही एका शब्दानं लिहिलेलं नाही, पण त्या मुलीनं तेच बोलून दाखवलं: किती उकडतं. उन्हाळा फिनिक्सला नेहमीच होता. पण पूर्वी सूर्य बुडाला की पाणी दिलेल्या शेतांवरून येणारा वारा गार असायचा. आता डांबर आणि सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकत बसतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग एकतीस दिवस दिवसाचा पारा रोज ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला किंवा त्याच्या वर गेला. त्या जुलैत एका दिवसाचं किमान तापमान ९७ फॅरनहाइट होतं. किमान! म्हणजे पहाटे ३६ सेल्सिअस. त्यात पृथ्वीच्या तापण्याचा वाटा आहेच, पण रात्र गार न होण्यात गाव कसं बांधलं याचाही मोठा वाटा आहे. हे नुसतं जुनी माणसं हळहळतात तसं नाही, हे माणसं मरण्यापर्यंत जातं. आणि इथे तुमच्या आठवणीचा उपयोग आहे. रात्री मागच्या अंगणात बाज टाकून झोपता यायचं, कोणत्या महिन्यापर्यंत यायचं, हे सांगू शकणारी माणसं नगरपालिकेच्या सभेत कमी असतात.

यावरून तुमच्या सहीकडे येते.

त्या अर्जावर मी सही करणार नाही. शेत ज्या कुटुंबाचं आहे त्यांनी तुमच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून तोट्यात लसूणघास पिकवत राहावं, अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करणार? शिवाय चँडलरला आता आडवं पसरायला जागाच उरलेली नाही. चहूबाजूंनी गिल्बर्ट, मेसा, टेंपी, फिनिक्स आणि खाली गिला रिव्हरची जमीन. उरलेल्या तुकड्यांवर काय होतं एवढाच प्रश्न आहे. तिथे चार मजली इमारत झाली नाही म्हणून माणसं यायची थांबत नाहीत, ती आणखी लांब जातात. बकआयचं उदाहरण पाहा, फिनिक्सच्या पश्चिमेला. २००० साली साडेसहा हजार वस्ती, २०२० साली एक्क्याण्णव हजार. तिथे अजूनही खरंखुरं वाळवंट खरवडून घरं बसतात. २०२३ च्या जून महिन्यात राज्यानं सांगितलं की फिनिक्स परिसरात फक्त जमिनीखालच्या पाण्याच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी मिळणार नाही, तेव्हा कुठे जरा लगाम बसला. तुमच्या शेजारच्या चार मजल्यांत दोनशे कुटुंबं राहिली तर तेवढा क्रिओसोट वाचतो. वाळवंटावर प्रेम असेल तर ही इमारत तुमच्या बाजूची आहे, दिसायला कितीही कुरूप असली तरी. आणि दिसायला ती कुरूप असणार, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मातकट रंगाचे ठोकळे बांधण्यात त्या खोऱ्याचा हात कोणी धरणार नाही.

पण गप्पही बसू नका. सही करण्याऐवजी नगरपालिकेच्या नियोजन समितीच्या सुनावणीला जा. लोकांना बोलायला तिथे वेळ देतात. ‘नको’ म्हणणारे बरेच असतील, त्यांचं ऐकून अधिकाऱ्यांचे कान किटलेले असतात. तुम्ही उठून विचारा: पार्किंगवर सावली किती? डांबराऐवजी दुसरं काही घालता येईल का? झाडं कोणती, मेस्किट आणि पालो व्हर्डे की पाच वर्षांत वाळणारी शोभेची? फुटपाथला दुपारी चार वाजता सावली असेल का, कारण बसची वाट पाहणारी माणसं तिथेच उभी राहणार? हे प्रश्न तुमच्यासारख्या साडी नेसून आलेल्या, पस्तीस वर्षं गावात राहिलेल्या बाईनं विचारले की नोंद होते. फिनिक्सच्या शेजारच्या स्कॉट्सडेलच्या लोकांनी १९९५ साली स्वतःवर विक्रीकर लावून घ्यायला मत दिलं आणि त्या पैशातून मॅकडॉवेल डोंगराभोवतीची जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. आज तिथे तीस हजार एकरांहून जास्त वाळवंट राखलेलं आहे. कर वाढवा म्हणून मतदान करणारे अमेरिकन मी दुसरीकडे फारसे पाहिलेले नाहीत. ते लोकही जुन्या दिवसांसाठी हळहळतच होते, फक्त त्यांनी हळहळताना पाकीट बाहेर काढलं.

त्या मुलीचा फोन झाला की नोव्हेंबरात तिला सॅन टॅन माउंटन रीजनल पार्कला घेऊन जा. सकाळी लवकर, पोराला पाठीवर बांधून. सग्वारो निवडुंगाला पहिला हात फुटायला पन्नासहून जास्त वर्षं लागतात, हे तिथे समोर उभं राहून ऐकण्यात वेगळी गंमत आहे. गिल्बर्टच्या रिपेरियन प्रिझर्व्हलाही न्या, सांडपाणी शुद्ध करून जमिनीत मुरवायला जी तळी केली तिथे आता बगळे, बदकं आणि पेलिकन येतात. तुमच्या आवडत्या शेतात पेलिकन नव्हते. एक अट घाला स्वतःला: ‘पूर्वी इथे’ असं वाक्य सुरू करायचं नाही, तिनं विचारल्याशिवाय. ती विचारेल. नवीन आलेल्या माणसाला जुनी हकिकत ऐकायची असतेच, फक्त ती त्याच्यावर आरोपपत्र म्हणून वाचलेली नको असते. जुलैत पहिल्या पावसाआधी धुळीची भिंत चालून येते तेव्हा गाडी रस्त्याच्या पार बाजूला घ्यायची, दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा, म्हणजे मागचा तुमचे लाल दिवे पाहून येऊन आदळत नाही, हे तिला अजून कोणी सांगितलं असेल का? २०११ च्या जुलैतली ती मैलभर उंच भिंत तुम्ही पाहिली असेल. ते सांगा. असल्या माहितीची तिला गरज आहे आणि तुमच्याकडे ती पोत्यानं आहे.

चँडलर म्युझियमला फोन करा. तुमच्याकडे त्या काळचे फोटो असणारच. कापसाच्या शेतापुढे स्वेटर घालून उभी असलेली मुलगी, गॅरेजमधली आरास. गावाचा इतिहास म्हणून आजवर जे जपलं गेलं त्यात डॉक्टर चँडलर, हॉटेल आणि शहामृग भरपूर आहेत. १९८९ साली आलेल्या मराठी घरातला गणपतीही त्या गावचाच इतिहास आहे, आणि तो तुमच्या कपाटात पडून आहे. फोटोंच्या मागे रस्त्यांची नावं लिहा. अल्मा स्कूल रोड, रे रोड, तोंड कुठल्या दिशेला ते. नाही लिहिलंत तर मुलीलाही ओळखू येणार नाही, आणि ते अपार्टमेंटवाल्यांच्या माथी मारता येणार नाही.

राहता राहिलं घर. यजमानांना विचारा, कोथरूड म्हणजे कोणतं? तुम्ही सोडलंत त्या कोथरूडमध्ये बंगल्यांना अंगणं होती आणि कर्वे रोड चालत ओलांडता यायचा. आता तिथे मेट्रो आहे, बंगल्यांच्या जागी अकरा मजले आहेत आणि तुमच्यासारख्याच जुन्या कोथरूडकर काकू नवीन आलेल्यांवर चिडून बसलेल्या आहेत. त्यांच्या लेखी नवीन आलेले तुम्ही असाल. जायचं तर औषधपाणी, माणसं, पैसे यांचा हिशोब करून जा, जुनं गाव मिळेल म्हणून जाऊ नका. आधी दोन महिने भाड्यानं राहून पाहा, तेही एप्रिल-मे किंवा पावसाळ्यात. डिसेंबरच्या पुण्यावर निर्णय घेणाऱ्यांची मला पत्रं येतात, ती पुढच्या जूनमध्ये येतात.

तुमच्या यजमानांना ड्रायव्हर नसलेल्या गाड्या आवडतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. विचारते कारण व्यवहाराचा मुद्दा आहे. फिनिक्ससारख्या गावात म्हातारपणी घर सोडावं लागतं ते बहुतेक वेळा दोघांपैकी एकाचं गाडी चालवणं सुटतं म्हणून. ते सुटलं की किराणा, डॉक्टर, मंडळ सगळंच सुटतं. त्या गाड्यांनी लोकांना पैसे घेऊन न्यायला २०१८ च्या डिसेंबरात सुरुवात केली ती तुमच्याच भागात. तुम्ही त्यांच्याकडे नाक मुरडता, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यात तीच गाडी नेऊन आणणार आहे. एकदा दोघं बसून पाहा. आणि एवढं सगळं करून विकायचंच ठरलं तर ते फेब्रुवारी-मार्चमध्ये विका. उत्तरेकडची मंडळी थंडीला कंटाळून तेव्हाच तिकडे घरं पाहत फिरत असतात, संत्र्याला मोहोर आलेला असतो, आणि रात्री कशा असतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.